गळतं कुठे, दिसतं कुठे

रात्री निजण्यापूर्वी अण्णामामा दोन कामं करतात. विहिरीवरचा पंप बंद झाला का ते पाहतात आणि गाडीखाली सुपारीच्या झावळीची विरी सरकवतात. विरी वाळून फिकट झालेली, परातीएवढी रुंद. सकाळी चहाआधी ती ओढून बघायची. गेल्या दिवाळीपर्यंत वर्षभर तिच्यावर रोज रुपयाएवढा काळा डाग असायचा. दिवेआगरातली वाडी म्हणजे रेताड जमीन आणि हाताशी आलेलं विहिरीचं पाणी. तेल मुरलं तर जाईल कुठे, हे मामांना कुणी सांगायला नको.

गाडी म्हणजे पांढरी प्रीमियर पद्मिनी. मुंबईकरांची ‘फियाट’. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याचा कारखाना उभा राहिला आणि इटलीच्या फियाटशी करार करून पुढे ११०० मालिकेतल्या गाड्या तिथे बनू लागल्या. १९६४ च्या मॉडेलला ‘डिलाइट’ म्हणत. करार संपल्यावर तीच गाडी आधी ‘प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’ झाली. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, ताकद मागच्या चाकांना. काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिने मुंबई ओढली. तिथली शेवटची नोंदणी ऑक्टोबर २००३ ची. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती टॅक्सी म्हणून रस्त्यावरून हटली. घरगुती गाडीला पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवून घ्यावी लागते. मामा ती वाढवत आलेत, मोठ्या कौतुकाने, घरात लग्न असल्यासारखे पेढे वाटून.

गळती सुरू झाली तेव्हा मामांनी गाडी एका मोठ्या गावातल्या गॅरेजात नेली. तिथल्या माणसाने खाली वाकून टॉर्च मारला. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात, त्या घंटेसारख्या घराच्या तळाशी थेंब लोंबत होता. एका मिनिटात निदान झालं: क्रँकचं मागचं सील गेलंय. सील स्वस्तच असतं, पण त्याच्यापर्यंत पोचायला मागचा शाफ्ट सोडायचा, गिअरबॉक्स उतरवायचा, क्लच काढायचा, मग फ्लायव्हील. मजुरीचा आकडा ऐकून मामा गाडी तशीच परत घेऊन आले. आकडा सांगत नाही, मामींना अजून माहीत नाही.

बोर्ली पंचतनला एक मिस्त्री आहेत. सत्तरीला आलेले, हातांच्या रेघांत काळं कायमचं बसलेलं. मामा गेल्या दिवाळीत त्यांच्याकडे गेले आणि मीही मागच्या सीटवर होतो. मिस्त्रींनी खाली वाकूनसुद्धा पाहिलं नाही. बॉनेट उघडलं, हात मागे बांधून उभे राहिले आणि म्हणाले, “काका, तेल खाली येतं आणि मागं सरकतं. थेंब पडतो तिथं रोग नसतो.”

या एका वाक्यात बहुतेक सगळं निदान आहे. गाडी चालताना वारा समोरून आत शिरतो आणि वर कुठेही पाझरलेलं तेल इंजिनच्या अंगावरून मागे ढकलत नेतो. पद्मिनीचं इंजिन लांबीत बसवलेलं. डोक्यावरच्या टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून झिरपलेलं तेल इंजिनच्या पाठीवरून उतरतं, गिअरबॉक्सच्या घरावर येतं आणि त्याच्या तळाशी थेंब होऊन थांबतं. खालून बघणाऱ्याला ते हुबेहूब मागच्या सीलचं दुखणं वाटतं. म्हणून शोधायची ती सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा. तिथून खाली जे काही ओलं आहे ते नुसता ओघळ.

पण जुन्या इंजिनवर ही जागा दिसतच नाही. वर्षानुवर्षांचं तेल, लाल धूळ आणि खारा वारा यांचं बोटभर थर असलेलं कीट झालेलं असतं. मिस्त्रींनी ते आधी पत्र्याच्या तुकड्याने खरवडलं, मग डिझेल आणि ब्रशने धुतलं, चिंध्यांनी पुसून कोरडं केलं. अख्खी सकाळ यातच गेली. त्यानंतर खिशातून अंगाला लावायची पावडर काढली आणि जोडांवर, सीलांभोवती, पेट्रोल पंप ब्लॉकला जिथे बसतो तिथे, डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी, ऑइल प्रेशरच्या स्विचपाशी फुंकून मारली. मोठ्या वर्कशॉपांत तेलात रंग मिसळून अतिनील दिव्याखाली बघतात. इथे दहा रुपयांची पुडी. इंजिन पंधरा मिनिटं जागेवर चालवलं. काही नाही. मग मामांना शेखाडीच्या रस्त्याने एक चक्कर मारून यायला सांगितलं, कारण काही गळत्या इंजिन तापून त्यावर जोर आल्याशिवाय तोंड उघडत नाहीत.

परत आलो तेव्हा पांढऱ्या पावडरीवर एक तपकिरी रेघ होती. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून निघून, डोक्याच्या कडेवरून वळून, मागे दिसेनाशी झालेली. मागच्या सीलचा यात काही संबंध नव्हता.

मला वाटलं, झालं. कव्हरखालचं पॅकिंग बदला, घरी जाऊ. मिस्त्री हसले. “पॅकिंग दोनदा बदललंय यांनी. ते का फाटतं ते बघायला नको?”

त्यांनी ऑइल टाकायचं झाकण उघडलं आणि चालू इंजिनाच्या त्या तोंडावर मला तळहात धरायला लावला. गरम फुसकारे हाताला वर ढकलत होते, भाताच्या पातेल्यावरच्या झाकणाला ढकलतात तसे. पिस्टनच्या रिंगांना चुकवून थोडा जळका वायू प्रत्येक स्फोटागणिक खाली तेलाच्या चेंबरमध्ये उतरतोच. नव्या इंजिनात कमी, घासलेल्यात जास्त. त्याला बाहेर पडायला ब्रीदरची नळी असते. ती तुंबली की वायू मिळेल त्या फटीतून निघतो आणि जाताना तेलही घेऊन निघतो. अशा गाडीला कितीही नवी पॅकिंगं घाला, ती एकामागून एक हार मानतात.

नळीचं रबर तडकून ती एका टोकाला सुटली होती. मिस्त्रींनी उघड्या तोंडात तार घातली आणि हळूच फिरवली. तळहातावर मातीचा एक सुबक गोळा पडला. फुटल्यावर आतून दोन वाळक्या अळ्या निघाल्या. कुंभारीण माशीचं घर! ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ इथल्याच किनाऱ्याला धडकलं, तेव्हा वाडीतल्या पोफळींबरोबर गाडीवरचे पत्रेही गेले होते. नंतर बरेच महिने गाडी नुसत्या प्लॅस्टिकखाली उभी होती. माशीला तेवढा अवधी पुरला असावा. मामा तो गोळा रुमालात बांधून घेऊन आले. तो आता देवघराशेजारच्या कोनाड्यात आहे.

कव्हर काढलं तर त्याची कथा वेगळी. गळतंय म्हणून आवळ, परत गळतंय म्हणून आणखी आवळ, असं करत पत्र्याची कड नटांपाशी दबली होती आणि कोपऱ्यात उचलली होती. पॅकिंगवर वरून चिकटवायचं सिलिकॉन थापलेलं. जास्तीचं सिलिकॉन आतल्या बाजूलाही पिळून येतं, सुटून तेलात पडतं आणि चेंबरमधल्या जाळीत जाऊन अडकतं. मिस्त्रींनी ते नखाने आणि ब्लेडने तासलं, कव्हर सपाट लोखंडावर उपडं ठेवून कड लहान हातोडीने ठोकून सरळ केली.

तयार पॅकिंग मुंबईहून मागवता आलं असतं. मिस्त्रींनी कॉर्कची शीट काढली, कव्हरवर ठेवली आणि गोल डोक्याच्या हातोडीने कडेकडेने टुकटुक मारत गेले. धारेवर कॉर्क आपोआप कापला जात होता. भोकांच्या जागी हातोडीचं गोल डोकं टेकवून एक टोला, आणि कॉर्कची टिकली खाली. वीस मिनिटांत पॅकिंग तयार. नट मात्र त्यांनी मला आवळू दिले नाहीत. आधी बोटांनी, मग पान्याने थोडा या बाजूचा, थोडा त्या बाजूचा. कॉर्क नुसता दबला पाहिजे, कडेने बाहेर फुगता कामा नये. नळी नवी टाकली. झाकण काढून पुन्हा तळहात धरला, नुसती ऊब लागली.

त्या रात्री विरी घालताना मामांचा हात जरा थरथरला, किंवा मला तसं वाटलं असेल. सकाळी विरी कोरडी. दुसऱ्या दिवशीही कोरडी. तिसऱ्या दिवशी तिच्यावर एक लहानसा थेंब होता, नेहमीपेक्षा हातभर मागे. मामा विरी तशीच उचलून स्कूटरवर बोर्लीला घेऊन गेले. मिस्त्रींनी थेंब बोटांत चोळला, नाकाशी नेला. दाट, आणि गंधकासारखा उग्र वास.

“हा इंजिनचा नाही, गिअरचा,” ते म्हणाले. “याला घाई नाही. शिमग्यानंतर आणा.”