उत्तरेकडचे दार

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री अमेरिकेत अध्यक्षीय निवडणुकीची मतमोजणी चालू होती आणि डोनाल्ड ट्रम्प यांच्या विजयाची चिन्हे स्पष्ट होऊ लागली होती. त्याच वेळी शेजारच्या कॅनडात एक विलक्षण प्रकार घडला. त्या देशाच्या सरकारचे स्थलांतरविषयक संकेतस्थळ चौकशी करणाऱ्यांच्या भाराने कोलमडून पडले. कॅनडात जाऊन राहायचे तर काय करावे लागते, हे एकाच रात्रीत असंख्य अमेरिकनांना जाणून घ्यावयाचे होते. २०२४ च्या नोव्हेंबरात ट्रम्प दुसऱ्यांदा निवडून आले, तेव्हाही या चौकशीला असाच पूर आला. पहिल्या पुरानंतर प्रत्यक्ष सीमा ओलांडून स्थायिक होणाऱ्यांची संख्या मात्र फारशी वाढली नाही. कॅनडाचा कायम वास्तव्याचा परवाना मिळवणाऱ्या अमेरिकनांचा आकडा पुढील एकदोन वर्षांतही वर्षाकाठी दहा हजारांच्या आतबाहेरच राहिला.

या चौकशीला राजकीय विनोद म्हणून सोडून देणे सोपे आहे. तथापि आपल्याच देशाविषयी निराश झालेल्या अमेरिकनाने उत्तरेकडे पाहावे, ही गोष्ट आजची नाही. ती त्या राष्ट्राच्या जन्माइतकीच जुनी आहे. संधीचा आणि समृद्धीचा देश म्हणून ज्याच्याकडे सारे जग धाव घेते, त्याच्या इतिहासाला देश सोडून जाणाऱ्यांचीही एक बाजू आहे. ती ध्यानात घेतली म्हणजे आजच्या चौकशीमागची व्यथा कळते, आणि तिच्यातील उथळपणाही लपत नाही.

राजनिष्ठ, गुलाम आणि सिटिंग बुल

१७८३ च्या पॅरिस तहाने अमेरिकन वसाहतींचे स्वातंत्र्य मान्य झाले, तेव्हा इंग्लंडच्या राजाशी इमान राखणाऱ्या हजारो कुटुंबांना आपल्याच गावात राहणे अशक्य झाले. सुमारे चाळीस हजार राजनिष्ठांनी उत्तरेकडील ब्रिटिश वसाहतींची वाट धरली. त्यांच्याच वस्तीमुळे १७८४ मध्ये न्यू ब्रन्सविक ही स्वतंत्र वसाहत निर्माण झाली. त्यांच्यात सुमारे तीन हजार कृष्णवर्णीय होते. ब्रिटिशांच्या बाजूने आल्यास गुलामीतून मुक्तता आणि कसायला जमीन, असे आश्वासन त्यांना देण्यात आले होते. मुक्तता मिळाली. जमीन कित्येकांना मिळालीच नाही. ज्यांना मिळाली त्यांच्या वाट्याला बहुधा खडकाळ तुकडे आले. अखेर १७९२ मध्ये त्यांच्यापैकी सुमारे बाराशे जण नोव्हा स्कोशिया सोडून आफ्रिकेतील सिएरा लिओनला निघून गेले. दार उघडले म्हणजे घरात जागा मिळतेच असे नाही, हा उत्तरेकडच्या दाराचा पहिला धडा होता.

ब्रिटिश साम्राज्यात १८३४ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली आणि या दाराचे मोल अनेक पटींनी वाढले. १८५० मध्ये अमेरिकन काँग्रेसने पळालेल्या गुलामांविषयीचा कठोर कायदा केला. त्यामुळे गुलामगिरी नसलेल्या उत्तरेकडील राज्यांतही पळून आलेला माणूस पकडला जाऊन मालकाच्या स्वाधीन होऊ लागला. त्यानंतर खऱ्या अर्थाने सुरक्षित अशी भूमी कॅनडाचीच उरली. ‘भूमिगत रेल्वे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गुप्त साखळीच्या साह्याने तीस ते चाळीस हजार माणसे सीमेपार पोहोचली असावीत, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. स्वतः गुलामीतून निसटलेल्या आणि पुन्हा पुन्हा दक्षिणेत जाऊन इतरांना सोडवून आणणाऱ्या हॅरिएट टबमन यांचे वास्तव्य काही वर्षे ऑन्टॅरिओतील सेंट कॅथरिन्स या गावी होते. १८६५ मध्ये यादवी युद्ध संपले आणि गुलामगिरी नष्ट झाली, तेव्हा या निर्वासितांपैकी पुष्कळ जण परतले. त्यांनी देश टाकला नव्हता. देशानेच त्यांना माणूस मानायचे नाकारले होते.

१८७६ च्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईनंतर अमेरिकन सैन्य पाठीशी लागले असता लकोटांचा नायक सिटिंग बुल आपल्या लोकांसह १८७७ मध्ये आजच्या सस्कॅचवान प्रांतात उतरला. तेथे त्याला आसरा मिळाला, पण अन्न आणि राखीव भूमी देण्याचे कॅनडाच्या सरकारने नाकारले. रानरेड्यांचे कळप विरळ झाले, उपासमार ओढवली आणि १८८१ मध्ये त्याला परत जाऊन शरण यावे लागले. आश्रय आणि आधार यांत किती अंतर असते, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

युद्धाला नकार

विसाव्या शतकात या दाराशी मोठी गर्दी झाली ती व्हिएतनाम युद्धाच्या काळी. सक्तीची लष्करभरती टाळण्यासाठी १९६५ ते १९७३ या काळात तीस ते चाळीस हजार अमेरिकन तरुण कॅनडात गेले असावेत. त्यांच्यासाठी टोरोंटोत १९६८ मध्ये एक मार्गदर्शक पुस्तिकाही प्रसिद्ध झाली आणि तिचा खप प्रचंड झाला. प्रारंभी कॅनडाचे अधिकारी लष्करातून पळालेल्यांना प्रवेश देताना खळखळ करीत. २२ मे १९६९ रोजी मंत्री ॲलन मॅकेकन यांनी संसदेत जाहीर केले की, प्रवेश देताना अर्जदाराच्या लष्करी स्थितीचा विचार केला जाणार नाही. शेजारच्या महासत्तेच्या नाकावर टिच्चून घेतलेला तो निर्णय होता. २१ जानेवारी १९७७ रोजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी लष्करभरती टाळणाऱ्यांना माफी दिली, तेव्हा कित्येक जण मायदेशी परतले. परंतु जवळजवळ निम्मे तेथेच राहिले.

याच लाटेबरोबर १९६८ मध्ये न्यूयॉर्कहून टोरोंटोला आलेल्या जेन जेकब्ज यांचे उदाहरण आवर्जून पाहण्यासारखे आहे. शहररचनेच्या विचाराला नवे वळण देणारा त्यांचा ग्रंथ १९६१ मध्येच गाजला होता. दोन मुलगे लष्करभरतीच्या वयात आले आणि या युद्धाला मुले द्यायची नाहीत, असा निर्णय घेऊन कुटुंबाने देश सोडला. टोरोंटोला आल्यावर त्यांनी कोपऱ्यात बसून अमेरिकेला शिव्याशाप दिले नाहीत. जुन्या वस्त्या कापून शहराच्या मध्यात शिरणारा स्पॅडायना महामार्ग त्यांच्या लक्षात आला आणि त्याविरुद्धच्या नागरिकांच्या लढ्यात त्या उतरल्या. १९७१ मध्ये ऑन्टॅरिओ सरकारने तो मार्ग रद्द केला. १९७४ मध्ये त्यांनी कॅनडाचे नागरिकत्व घेतले आणि २००६ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या टोरोंटोच्याच राहिल्या. केवळ रागाने देश सोडणारा आणि नव्या देशाचे ओझे खांद्यावर घेणारा यांतील भेद येथे दिसतो.

पाहुणा आणि रहिवासी

आजच्या अमेरिकनाला कॅनडा पाहून येणे अत्यंत सोपे आहे. ८,८९१ किलोमीटरची ही सीमा ओलांडण्यास त्याला व्हिसा लागत नाही; एकदा प्रवेश मिळाला की साधारणतः सहा महिने तो तेथे राहू शकतो. दारू पिऊन मोटार चालवल्याबद्दल शिक्षा झाली असेल तर मात्र सीमेवरूनच माघारी फिरावे लागण्याचा संभव असतो. डिसेंबर २०१८ पासून कॅनडाच्या कायद्याने हा गंभीर गुन्हा ठरवला आहे. बाकी पाहुण्याला शेजाऱ्याचे घर नेहमीच नीटनेटके दिसते. रस्ते स्वच्छ, माणसे मृदुभाषी, बंदुकांचा सुळसुळाट कमी आणि आजारपणात घर विकावे लागण्याची धास्ती नाही. दुरून डोंगर साजरे, ही म्हण अमेरिकनांना ठाऊक नसली तरी तिचा अनुभव त्यांना येतोच.

स्थायिक होण्याची गोष्ट मात्र निराळी. समजा, ओहायोतील एखाद्या शाळेतील सेहेचाळीस वर्षांच्या शिक्षिकेने जाण्याचे ठरवले. कॅनडात १९६७ पासून गुणपद्धती आहे. वय, शिक्षण, भाषा, अनुभव अशा कसोट्यांवर अर्जदाराला गुण मिळतात आणि २०१५ पासून ही निवड एकाच सामायिक यादीतून होते. त्या यादीत वयाचे सर्वाधिक गुण विशीतल्या अर्जदाराला असतात. पंचेचाळिशी गाठली की ते शून्यावर येतात. पदव्यांची तपासणी करून घ्यावी लागते. जन्मापासून इंग्रजीच बोलत आलेल्या या बाईंना इंग्रजीची परीक्षाही द्यावी लागते! शिवाय अध्यापनाचा परवाना प्रत्येक प्रांत आपल्या नियमांनुसार देतो. दोन देशांतील व्यापारकरारानुसार अभियंते, हिशेबनीस, परिचारिका अशा काही व्यावसायिकांना तात्पुरता कामाचा परवाना सहज मिळतो. त्या यादीत महाविद्यालयीन प्राध्यापक आहेत, शाळाशिक्षक नाहीत. कार्यालयातील साध्या कारकुनाचा तर प्रश्नच उद्भवत नाही.

जाणे जमलेच तरी मायदेश पाठ सोडत नाही. अमेरिकेची करआकारणी नागरिकत्वावर आधारलेली आहे. नागरिक जगात कोठेही राहो, त्याने दरवर्षी आपल्या उत्पन्नाचे विवरण अमेरिकन सरकारला सादर केलेच पाहिजे. २०१० च्या कायद्यानंतर परदेशी बँकांनाही आपल्या अमेरिकन खातेदारांची माहिती पुरवावी लागते. इकडे टोरोंटो आणि व्हँकुव्हर येथील घरांच्या किमती सामान्य नोकरदाराच्या आवाक्याबाहेर गेल्या आहेत. आरोग्यसेवेत रुग्णालयाचे बिल येत नाही हे खरे. पण शस्त्रक्रियेसाठी महिनोन् महिने थांबावे लागते आणि लाखो लोकांना कुटुंबाचा असा डॉक्टर मिळत नाही. घरांच्या टंचाईमुळेच २०२४ च्या ऑक्टोबरात कॅनडाने २०२५ साली कायम वास्तव्यासाठी घ्यावयाच्या लोकांची संख्या पाच लाखांवरून ३ लाख ९५ हजारांवर आणली. यजमानाच्या घरातही ओढाताण आहे, हे चौकशी करणाऱ्याने विसरता कामा नये.

दार कोणासाठी?

या दाराने सर्वांना सारखे कधीच वागवले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी गव्हाच्या शेतीसाठी गोऱ्या अमेरिकन शेतकऱ्यांना कॅनडा जाहिराती देऊन बोलावत होता. त्याच सुमारास, १९०८ मध्ये, मायदेशाहून थेट, न थांबता प्रवास करून आलेल्यांनाच प्रवेश, असा नियम करून हिंदुस्थानातील लोकांची वाट त्याने बंद केली; कारण असा थेट प्रवास हिंदुस्थानातून करणे जवळजवळ अशक्य होते. १९१४ मध्ये ‘कोमागाता मारू’ हे जहाज ३७६ प्रवाशांसह व्हँकुव्हरच्या बंदरात दोन महिने अडकून पडले. मोजक्या प्रवाशांनाच उतरू देण्यात आले, बाकीचे माघारी पाठवले गेले. १९११ मध्ये कृष्णवर्णीयांचा प्रवेश वर्षभर बंद करण्याचा हुकूमही मंत्रिमंडळाने संमत केला होता. ओक्लाहोमाहून येणारे कृष्णवर्णीय अमेरिकन शेतकरी हे त्याचे निमित्त. हुकूम अमलात आला नाही, पण वृत्ती उघड झाली.

१९६७ च्या गुणपद्धतीने वर्णाची अट गेली, हे निःसंशय मोठे पाऊल होते. आता भारतीयांना हे दार उघडे आहे, किंबहुना आज नव्याने कायम वास्तव्य मिळवणाऱ्यांत भारतीयच सर्वाधिक असतात. जुलै २०२३ मध्ये अमेरिकेतील तात्पुरत्या व्हिसावर काम करणाऱ्या कुशल कर्मचाऱ्यांसाठी कॅनडाने दहा हजार परवाने खुले केले, तेव्हा अवघ्या दोन दिवसांत ती मर्यादा भरली. अमेरिकेत कायम परवान्यासाठी वर्षानुवर्षे तिष्ठणाऱ्यांत भारतीय अभियंत्यांचा भरणा फार मोठा आहे, हे महाराष्ट्रातील कित्येक घरांना सांगावयास नको.

परंतु वर्णाच्या जागी जी कसोटी आली, तिचाही विचार व्हावयास हवा. टबमन यांच्यामागून चालत आलेल्या निरक्षर शेतमजुराला आजच्या पद्धतीत किती गुण मिळाले असते? सिटिंग बुलला किती? छळापासून पळणाऱ्यांसाठी आश्रयाचा वेगळा कायदा आहे. पण अमेरिकन नागरिकाचा असा अर्ज मान्य होणे अत्यंत दुर्मिळ. म्हणजे उरते ती गुणांची यादी, आणि तीत तरुण, सुशिक्षित, पैसे बाळगून असलेला माणूस पुढे सरकतो. देशातील बिघाडाची झळ ज्याला सर्वाधिक लागते, त्या विमा नसलेल्या मजुराला, कर्जबाजारी रुग्णाला किंवा वृद्धाला हे दार बंदच असते. देश सोडण्याचा विचार करता येणे हीदेखील एक मिळकत आहे आणि ती सर्वांजवळ नसते.

म्हणून जाणारा दोषी ठरतो, असे मुळीच नाही. मुलांना अन्यायी युद्धापासून वाचवणाऱ्या आईला देशद्रोही म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. २०२५ मध्ये येल विद्यापीठातील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जेसन स्टॅन्ली यांनी देशातील राजकीय वातावरणाचे कारण देऊन टोरोंटो विद्यापीठाची वाट धरली, तेव्हा त्यांच्या निर्णयाची चर्चा सर्वत्र झाली. विचारवंताने राहून लढावे की निघून जाऊन बोलावे, याला एकच उत्तर नाही. मात्र मागे राहणाऱ्यांपैकी कित्येकांना तो पर्यायच नसतो, याची जाणीव जाणाऱ्याने बाळगली पाहिजे. परदेशी राहणाऱ्या अमेरिकनाला मतदानाचा हक्क असतो. तो बजावणे ही त्या जाणिवेची अगदी किमान खूण म्हणता येईल.

आणखी एक गोष्ट. कॅनडाच्या ज्या आरोग्यव्यवस्थेचा अमेरिकनाला हेवा वाटतो, ती त्या भूमीत आपोआप उगवलेली नाही. टॉमी डग्लस यांच्या सरकारने आखलेली सार्वजनिक वैद्यकीय विम्याची योजना १ जुलै १९६२ रोजी सस्कॅचवानमध्ये सुरू झाली, तेव्हा तेथील डॉक्टरांनी २३ दिवसांचा संप केला. गहू पिकवणाऱ्या एका साध्यासुध्या प्रांतातील लोकांनी तो संप सोसला, तेव्हा पुढे साऱ्या देशाला ती सेवा मिळाली. शेजाऱ्याच्या अंगणातील झाडाची सावली हवीशी वाटावी, यात काही गैर नाही. ते झाड कोणीतरी लावले आणि उन्हात उभे राहून वाढवले, हे मात्र सावलीला जाऊन बसणाऱ्याने लक्षात ठेवावे, आणि आपल्या अंगणात राहून रोप लावू पाहणाऱ्याने तर त्याहूनही अधिक.