साठ कोटी पाकिटं आणि ईदचे सात दिवस

सौदी अरेबियात संप करता येत नाही. १९५३ मध्ये अरामको या तेल कंपनीतले हजारो कामगार संपावर गेले, १९५६ मध्ये पुन्हा असंतोष उसळला आणि त्याच वर्षी शाही फर्मान काढून संपावर बंदी घातली गेली. त्यामुळे रियाधचे किंवा दम्मामचे पोस्टमन ऐन सणात कामावर आले नाहीत, असा प्रसंग तिथल्या इतिहासात शोधण्यात अर्थ नाही. पण सौदीहून निघालेलं ईदचं टपाल अडकण्याची वेळ मात्र आली होती. ते अडकलं इकडे, आपल्या किनाऱ्यावर.

५ डिसेंबर २००० रोजी देशभरातले टपाल कर्मचारी संपावर गेले. संप मिटला १८ डिसेंबरला. चौदा दिवस! त्या वर्षीचं कॅलेंडर डोळ्यांसमोर आणा. नोव्हेंबरच्या अखेरीस रमजान सुरू झालेला. २५ डिसेंबरला नाताळ. ईद सौदीत २७ तारखेला, भारतात २८ला. म्हणजे आखातातून घरी पैसे, पत्रं आणि शुभेच्छा पाठवायचे वर्षातले सगळ्यात महत्त्वाचे दिवस नेमके संपात गेले.

त्या काळी सौदीत सुमारे १५ लाख भारतीय होते. त्यात दापोली, खेड, मंडणगड, श्रीवर्धन, म्हसळा या पट्ट्यातली माणसं किती तरी. मोबाइलवरून पैसे पाठवणं तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. पगार झाला की रुपयांचा ड्राफ्ट काढायचा, पत्राच्या घडीत ठेवायचा आणि पाकीट रजिस्टर करायचं. ईदचे कपडे, शीरखुर्म्याचा सुका मेवा, फित्रा, सासरी गेलेल्या बहिणीचं देणं, हे सगळं त्या पाकिटावर अवलंबून. समजा, प्रत्येकाने सणासाठी एकच पाकीट पाठवलं आणि आत पाच हजारांचा ड्राफ्ट होता. १५ लाखांना ५ हजारांनी गुणा. ७५० कोटी रुपये होतात. आणि या सगळ्या पाकिटांचं वजन किती? पाकिटामागे १५ ग्रॅम धरले तर साडेबावीस टन, म्हणजे दोन-तीन मालट्रकांत मावेल एवढंच.

हे दोन-तीन ट्रक कशात बुडाले ते आता पाहू.

भारतीय टपाल खातं तेव्हा वर्षाला सुमारे दीड हजार कोटी टपालवस्तू हाताळत असे. कामाचे तीनशे दिवस धरले तर रोज ५ कोटी. संपाच्या चौदा दिवसांतून १० आणि १७ डिसेंबर हे दोन रविवार वगळले की उरतात बारा दिवस. संप शंभर टक्के झाला आणि लोक पत्रं टाकतच राहिले असं मानू. प्रत्यक्षात काही टपाल हललं असेल, काहींनी पत्र टाकायचंच थांबवलं असेल. पण आवाका कळण्यासाठी हा हिशेब पुरतो. बारा गुणिले पाच, म्हणजे साठ कोटी. पाकीट एक मिलिमीटर जाडीचं धरून एकावर एक रचत गेलं तर सहाशे किलोमीटर उंचीची चळत होते. मुंबईहून पणजीपर्यंतचा रस्ता उभा करावा तेवढी. वीस-वीस ग्रॅम धरले तर वजन बारा हजार टन. सौदीतली ती १५ लाख पाकिटं या ढिगात चारशेमागे एक या प्रमाणात विखुरलेली. ती वेगळी काढायची म्हणजे बाकीची ३९९ हातावेगळी करावीच लागणार.

खरा पेच इथून पुढे आहे. संप मिटल्यापासून भारतातल्या ईदपर्यंत, म्हणजे १९ ते २७ डिसेंबर, रविवार आणि नाताळ सोडून कामाचे दिवस मिळतात सात. त्या सात दिवसांचं रोजचं टपाल येतच राहणार. वर तुंबलेले बारा दिवस. सात दिवसांत एकोणीस दिवसांचं काम करायचं, म्हणजे रोज जवळजवळ पावणेतीनपट. आणि कर्मचाऱ्यांनी नेहमीच्या सव्वापट काम केलं तर? रोज पाव दिवसाचंच जुनं टपाल निघणार. बारा दिवसांचा ढीग संपायला ४८ कामाचे दिवस, म्हणजे आठ आठवडे. फेब्रुवारी उजाडतो.

हा ढीग सॉर्टिंगमध्ये तुंबतो असं आपल्याला वाटतं. हिशेब वेगळंच सांगतो. एका पत्राला छाटणीत तीनदा हात लागतो आणि दर वेळी एक सेकंद जातो असं धरा. साठ कोटींचे झाले १८० कोटी सेकंद. एकट्या माणसाला न झोपता ५७ वर्षं लागतील. पण हेच काम एक लाख माणसांत वाटलं तर पाच तासांत उरकतं! म्हणजे छाटणी हा अडसर नाहीच. अडतं ते शेवटच्या टप्प्यावर, बटवड्यात, जिथे एका वाडीला एकच माणूस असतो आणि त्याच्या पायांना पर्याय नसतो.

रियाधहून मुंबई सुमारे २८०० किलोमीटर. विमान ते चार-साडेचार तासांत कापतं. सौदीत तेव्हा पत्र घरपोच येत नसे. कंपनीच्या पोस्ट बॉक्समध्ये येई, तिथून ज्याचं त्याने न्यायचं. आपल्याकडे मात्र पत्र वाडीपर्यंत जातं. देशातल्या दीड लाखाहून अधिक पोस्टांपैकी दहातली जवळपास नऊ खेड्यांत होती. शाखा पोस्टातला पोस्टमन रोज चाळीस पत्रं घेऊन निघतो असं समजा. बारा दिवसांची झाली ४८०. खांद्यावर साडेनऊ किलोंचं ओझं, शिवाय त्या दिवसाचं टपाल वेगळं. चढण, पऱ्या, पुढची वाडी, पुन्हा चढण. रजिस्टर पाकीट असेल तर प्रत्येक दारात थांबून सही किंवा अंगठा. एका सहीला तीन मिनिटं लागली तर वीस रजिस्टरांना एक तास.

आणि हीच माणसं त्या संपाच्या केंद्रस्थानी होती. सहा लाखांच्या आसपास टपाल कर्मचाऱ्यांपैकी जवळपास निम्मे ‘ई.डी.’, म्हणजे खात्याचं काम करणारे पण खात्याच्या पूर्ण नोकरीत नसलेले. हजेरी रोज तीन ते पाच तासांची, मोबदलाही त्याच मापाचा. त्यांच्या प्रश्नांसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती तलवार समितीचा अहवाल १९९७ मध्येच आला होता. ज्याच्या पिशवीतून ७५० कोटी घरोघर जायचे त्याला स्वतःला पेन्शन नाही. मला तरी त्यांची बाजू न्याय्य वाटते. ईदचं पाकीट वेळेवर न मिळालेल्या आईचं दुःख लक्षात घेऊनही.

पर्याय म्हणून सौदीतले लोक ‘गावाला कोण जातोय?’ विचारत. जाणाऱ्याच्या बॅगेत पंचवीस-तीस पाकिटं कोंबली जात. त्याच्या गावातली हातोहात पोचत. बाकीची त्याने मुंबईत उतरून तिकीट लावून पेटीत टाकायची, आणि पेटी तर बंद. विमानातून आलेलं पाकीटही शेवटी त्याच ढिगात जाणार होतं.

आज पत्रांची जागा पार्सलांनी घेतली आहे आणि तिथे गणित आणखी कठीण होतं, कारण एक किलोचं पार्सल म्हणजे पन्नास पाकिटांचं वजन. कॅनडात १५ नोव्हेंबर ते १७ डिसेंबर २०२४ असे ५५ हजार टपाल कर्मचारी संपावर होते. तिथेही नाताळ आठवड्यावर आला तेव्हा काम सुरू झालं.

आपल्याकडे २००१ मध्ये ‘ई.डी.’ हे नाव जाऊन ‘ग्रामीण डाक सेवक’ आलं. १२ डिसेंबर २०२३ रोजी हे डाक सेवक पुन्हा संपावर गेले. मागण्यांमध्ये आठ तासांचं काम आणि पेन्शन होतं.