जंतूंची पंगत

दोस्तांनो, डब्यात उरलेला भात तुम्ही कुठे टाकता? माझ्या चौथीतला एक पठ्ठ्या म्हणाला, "बाई, कचऱ्यात!" मग गणित राहिलं बाजूला.

गोबरगॅसच्या टाकीत हवा शिरत नाही. तिथले सूक्ष्म जंतू शेण कुजवतात आणि मिथेन वायू निघतो. तोच शेगडीत जळतो. पण शेण म्हणजे गाईनं पचवून उरलेला चोथा! पुण्याच्या 'आरती' संस्थेचे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे यांनी विचार केला, जंतूंना चोथा कशाला? सरळ जेवणच वाढू या! खरकटं, सडकी फळं, खराब पीठ. संस्थेच्या सांगण्यानुसार अशा २ किलो खाद्यातून जेवढा मिथेन मिळतो, तेवढ्यासाठी ४० किलो शेण लागतं. यंत्र म्हणाल तर प्लॅस्टिकच्या दोन टाक्या, एकीत दुसरी उपडी. वायू साठला की वरची टाकी हळूहळू वर येते. २००६ साली याच कामासाठी संस्थेला ॲश्डेन पुरस्कार मिळाला.

सुरुवातीला मात्र टाकीत शेणच कालवून घालतात, कारण जंतू त्यातूनच येतात. नंतर खरकटं बेताबेतानंच घालायचं. एकदम जास्त ओतलंत, तर आत आंबट होतं नि वायू बंद!

"म्हणजे बाई, जंतूंनाही अपचन होतं?" त्याच पठ्ठ्यानं विचारलं.

होतं तर!