लिनक्सवर डेटाबेस अपग्रेड : भीती एकीकडे, धोका भलतीकडे

डेबियन ११ चं डेबियन १२ केलं की पोस्टग्रेस डेटाबेसही आपोआप नवा होतो, असं अनेकांना वाटतं. होत नाही. सहसा १३ च्या शेजारी १५ ही आवृत्ती येऊन बसते. जुना सर्व्हर ५४३२ या पोर्टवर चालू असतो आणि नवा, रिकामा, ५४३३ वर. ॲप जुन्याशीच बोलत राहतं, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही.

दुसरा समज : कुठलाही अपग्रेड म्हणजे मोठं काम, तेव्हा आहे ते चालू द्या. पण १५.३ वरून १५.४ वर जाताना डिस्कवरच्या फाइलींची रचना बदलत नाही. नवं पॅकेज टाकून सर्व्हर रीस्टार्ट केला की बहुधा काम संपतं. सुरक्षेच्या दुरुस्त्या नेमक्या याच लहान अपग्रेडमधून येतात. त्या टाळणं हा निव्वळ आळस.

मोठा अपग्रेड म्हणजे, २०१७ च्या आवृत्ती १० पासून, पहिला आकडा बदलणं. त्यासाठी सगळा डेटा डंप करून पुन्हा भरावाच लागतो, हेही खरं नाही. पीजी_अपग्रेड हे साधन टेबलांच्या फाइली जशाच्या तशा घेतं. लिंकचा पर्याय दिला तर कॉपीचाही वेळ वाचतो आणि शेकडो जीबींचं काम काही मिनिटांत उरकतं. मात्र लिंक करून नवा सर्व्हर एकदा सुरू झाला, की जुन्याकडे परत जाता येत नाही. वेगळ्या जागी बॅकअप हवाच.

अपग्रेडनंतर क्वेरी रेंगाळल्या, तर ‘नवी आवृत्तीच मंद’ हा निकाल घाईचा ठरतो. १७ पर्यंतच्या कुठल्याही आवृत्तीवर जाताना क्वेरी-प्लॅनरची आकडेवारी सोबत येत नाही. अ‍ॅनालाइझ ही आज्ञा चालवेपर्यंत प्लॅनर अंदाजानेच चालतो. २०२५ च्या आवृत्ती १८ पासून बरीचशी आकडेवारी टिकते.

सर्वांत घातक समज वेगळाच आहे : डेटाबेसला हात लावला नाही, म्हणजे तो सुरक्षित. पोस्टग्रेस सहसा अक्षरांचा क्रम लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीकडून, म्हणजे जीलिबसीकडून घेतं. २०१८ मध्ये तिची २.२८ ही आवृत्ती आली आणि हा क्रम लावण्याचे नियम बदलले. अमेरिकी इंग्रजी लोकेलमध्ये पूर्वी ‘11’ आधी आणि ‘1-1’ नंतर येई, आता उलटं. मजकुराचा इंडेक्स मात्र डिस्कवर जुन्याच क्रमाने मांडलेला. त्यामुळे ओळ टेबलात असूनही शोधात सापडत नाही आणि युनिक असलेल्या रकान्यात तीच किंमत दुसऱ्यांदा शिरू शकते. एररसुद्धा येत नाही! पोस्टग्रेसची आवृत्ती तीच, बदलली फक्त ऑपरेटिंग सिस्टिम.

डेबियन ९ वरून १० वर जाताना जीलिबसी २.२८ ची ही सीमा ओलांडली जाते. रेड हॅटमध्ये ७ वरून ८ वर. पीजी_अपग्रेड हे इंडेक्स दुरुस्त करत नाही. जुन्या सर्व्हरवरून ही सीमा ओलांडणार असाल, तर वापरकर्त्यांना आत घेण्यापूर्वी मजकुरावरचे इंडेक्स रीइंडेक्स करा.