गाडी उचलू, की जमीन खाली नेऊ?

चिक्कडपल्लीत शाळेची ऑटो पंक्चर झालेली कधी पाहिलीस? दप्तरं उतरतात, मुलं उतरतात. मग ड्रायव्हरकाका आणि शेजारचा दुकानदार जोर लावून ऑटो एका अंगावर कलती करतात. खाली दगड सरकवला की झालं, चाक अधांतरी! जॅकबिक काही नाही!

पण हीच फजिती बर्फात झाली तर?

हो, बर्फातही शाळेच्या गाड्या होत्या! कॅनडात बोम्बार्डिए नावाच्या माणसाने १९४२ साली बारा जणांची बर्फगाडी आणली. गोल गोल खिडक्या. पुढे चाकांऐवजी घसरणाऱ्या दोन फळ्या. मागे रणगाड्यासारखे लांब पट्टे. आणि त्या पट्ट्यांच्या आत काय, ओळख पाहू? रबरी टायरची चाकं!

ही चाकं मोठी हुशार! पट्ट्याची आपली सतरंजी आपणच अंथरतात, तिच्यावरून चालतात आणि मागून पुन्हा गुंडाळून घेतात. म्हणून गाडी रुतत नाही.

अशा जुन्या गाड्या हौशी लोक आजही जपतात. पण बर्फात चाक बदलायला जॅक लावला, तर गाडी वर जायच्या ऐवजी जॅकच गपकन खाली!

का बरं? ताटलीत रवा घे. पेन्सिल उभी धरून दाब. घुसली ना? आता पेन्सिलीखाली डब्याचं झाकण ठेव आणि तेवढ्याच जोराने दाब. अडली! जोर तोच, पण तो आता मोठ्या जागेत वाटला गेला. म्हणून बर्फात जॅकलाही बसायला पाट द्यायचा. जेवायच्या पंगतीत असतो ना, तसाच जाड लाकडी पाट!

आणि जॅकच नसेल तर? लाकडी ठोकळा ठेवून गाडी हळूच पुढे घ्यायची. एक चाक ठोकळ्यावर चढलं, की शेजारच्या चाकावरचा भार उतरतो.

पण सगळ्यात भारी युक्ती पुढेच आहे! गाडीच्या पोटाखाली लाकडं घट्ट रचायची. पट्टा सैल करायचा. मग फावडं घेऊन चाकाखालचा बर्फच उकरून काढायचा! गाडी तसूभरही उचलली नाही, तरी चाक लोंबकळतंय! आहे की नाही गंमत? गाडी वर जाईना, तर जमीन खाली गेली!

हे काम मोठ्यांचंच हं. टेकू दिलेल्या गाडीजवळ आपण फिरकायचंही नाही. आपली प्रयोगशाळा म्हणजे रव्याची ताटली!

फक्त प्रयोग झाल्यावर रवा डब्यात परत टाक. नाहीतर आई उपमा कशाचा करणार?