चाळीस दिवसांचा पेशवा आणि आपला सातबारा

6 मे 2023 रोजी लंडनमध्ये चार्ल्स तिसरा याच्या डोक्यावर मुकुट चढला. आपल्याकडेही लोकांनी तो सोहळा टीव्हीवर चवीने पाहिला. चार्ल्सनंतर थोरला मुलगा विल्यम, मग विल्यमचा जॉर्ज, मग शार्लट, मग लुई, ही रांग आमच्या कोर्टातल्या ज्युनिअर मुलांनाही पाठ आहे. मात्र शिवाजीनगरहून नदी ओलांडली की शनिवार पेठेत जो वाडा उभा आहे, त्यातल्या गादीची रांग विचारली तर बहुतेकांची गाडी पहिल्या बाजीरावावरून थेट दुसऱ्या बाजीरावावर जाते. मधले सगळे गायब!

पेशवाईत अस्पृश्यांचे काय हाल झाले यावर या पानांवर पुष्कळ लिहून झाले आहे. आज आम्हाला वाड्याच्या आतले प्रकरण पाहायचे आहे. वारस म्हणजे कोण, हे तिथे कोण ठरवत होते? वकिली करताना रोज ज्या भानगडी आमच्यासमोर येतात, त्या सगळ्या त्या एका वाड्यात घडून गेल्या आहेत.

आधी काळाचा एक योगायोग पाहू. 1713 साली शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथ भट याला पेशवेपद दिले. 1714 साली जर्मनीतल्या हॅनोवरचा जॉर्ज इंग्लंडच्या गादीवर बसला. नात्याने त्याच्यापेक्षा जवळचे पन्नासहून अधिक लोक हयात होते. पण ते कॅथलिक होते आणि 1701 च्या कायद्याने पार्लमेंटने कॅथलिकांना बाद केले होते. म्हणजे रक्ताच्या नात्यावर चालणारी ती गादीसुद्धा शेवटी कायद्याच्या एका कलमावर फिरली. पुढे 1721 पासून रॉबर्ट वॉल्पोलच्या हाती कारभार गेला. त्याला तिथला पहिला पंतप्रधान मानतात. राजा रक्ताने आला, कारभारी पार्लमेंटच्या पाठिंब्यावर टिकला.

आपल्याकडे उलटे झाले. पेशवा हा छत्रपतींचा नोकर, मुख्यप्रधान. नोकरीला लायकी पाहायची असते. पण 1720 साली बाळाजी विश्वनाथ वारला आणि वीस वर्षांचाही नसलेल्या बाजीरावाला वस्त्रे मिळाली. बाजीराव कर्तबगार निघाला, हे खरे. पण त्याच्या कर्तबगारीने पायंडा मात्र असा पडला की प्रधानाच्या पोटी प्रधान. 1740 साली त्याचा मुलगा नानासाहेब, वय एकोणीस. 1761 साली नातू माधवराव, वय सोळा. 1772 साली त्याचा धाकटा भाऊ नारायणराव, वय सतरा. आणि 1774 साली? चाळीस दिवसांचे एक तान्हे मूल! राज्याचा मुख्यप्रधान अजून दूध पीत होता आणि साताऱ्याहून त्याच्या नावाने वस्त्रे येत होती.

हे चाळीस दिवसांचे प्रकरण नीट पाहण्यासारखे आहे. 30 ऑगस्ट 1773 रोजी, ऐन गणपतीत, नारायणरावाला शनिवारवाड्यात गारद्यांनी कापून काढले. त्याचा चुलता रघुनाथराव तिथेच नजरकैदेत होता आणि कटाचा धनी तोच होता. 'धरावे'चे 'मारावे' आनंदीबाईने केले अशी दंतकथा आहे. पुरुषांनी केलेल्या खुनाचे खापर बाईच्या लेखणीवर फोडायची ही सोय चांगली टिकली, आजही मराठीत 'ध चा मा' म्हणतात. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी रघुनाथरावाला देहांत प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले. शिक्षा सांगणारा होता, ती अमलात आणणारे कुणी नव्हते. ऑक्टोबरमध्ये खुनाचा आरोपी स्वतःच पेशवा झाला.

त्याची पेशवाई अडली ती नारायणरावाची विधवा गंगाबाई गरोदर होती म्हणून. नाना फडणवीस, सखारामबापू बोकील वगैरे कारभाऱ्यांनी, म्हणजे बारभाईंनी, तिला पुरंदरावर नेऊन ठेवले. 18 एप्रिल 1774 रोजी मुलगा झाला, तोच सवाई माधवराव. मुलगी झाली असती तर? ग्रँट डफने नोंदवून ठेवले आहे की गडावर आणखी काही गरोदर बायका नेल्याचा बोभाटा होता, म्हणजे गरज पडल्यास बाळ बदलता यावे. खरे-खोटे कोण सांगणार? पण असा बोभाटा उठतो यातच मुलीची किंमत कळते. लंडनमध्ये 1688 साली अशीच आवई उठली होती. जेम्स दुसरा याला मुलगा झाला, तर लोक म्हणू लागले, ते मूल बिछाना ऊबदार करायच्या भांड्यात घालून बाहेरून आणले! राजघराण्यात बाळंतपण असले की गृहमंत्र्याने हजर राहायची चाल तिथे 1948 पर्यंत टिकली. बाईच्या पोटातल्या जीवावर राज्य टांगले की बाईवर पहारा बसतो, मग ती पुरंदरावरची असो की लंडनमधली.

रघुनाथराव इंग्रजांकडे गेला, 1775 साली सुरतेचा तह केला, आणि घरातल्या वारसाच्या भांडणात कंपनी शिरली ती शिरलीच. ऑक्टोबर 1795 मध्ये सवाई माधवराव वाड्याच्या सज्जातून खाली पडून वारला. वय एकवीस, मूलबाळ नाही. आता सगळ्यांत जवळचा कोण, तर त्याच रघुनाथरावाचा मुलगा बाजीराव. तो नको म्हणून 1796 मध्ये सवाई माधवरावाच्या विधवेच्या, यशोदाबाईच्या मांडीवर बाजीरावाचाच धाकटा भाऊ चिमाजी आप्पा दत्तक दिला. नाते जोडून पाहा. चिमाजी हा सवाई माधवरावाचा चुलत चुलता. तो दत्तकाने पुतण्याचा मुलगा झाला! मुलगा बारा वर्षांचा आणि ती आईही बालवयातली. आजच्या दत्तक कायद्यात बाईने मुलगा दत्तक घेतला तर दोघांत किमान एकवीस वर्षांचे अंतर लागते. तेव्हा सरदारांच्या फौजा काय म्हणतात तेवढेच लागत होते. त्या वर्षअखेर फौजांचे मत बदलले, ते दत्तक रद्द ठरले आणि दुसरा बाजीराव पेशवा झाला.

या रांगेत एकाला कधी उभेच राहू दिले नाही. बाजीराव आणि मस्तानी यांचा मुलगा. त्याची मुंज करायची बाजीरावाची इच्छा होती, पुण्याच्या ब्रह्मवृंदाने ती होऊ दिली नाही. ज्या बाजीरावापुढे दिल्ली थरथरली त्याला पोटच्या पोराच्या गळ्यात एक दोरा घालता आला नाही. पोरगा शमशेरबहाद्दर म्हणून वाढला, पेशव्यांच्या बाजूने पानिपतावर लढला आणि 1761 साली त्याच लढाईतल्या जखमांनी मेला. मरण्याचा हक्क होता, वारशाचा नव्हता. त्याचा वंश पुढे बांद्याचा नवाब झाला. गोऱ्यांकडेही हेच चालले होते. तिसऱ्या जॉर्जचा मुलगा विल्यम याला डोरोथिया जॉर्डन या नटीपासून दहा मुले होती. 1830 साली विल्यम राजा झाला, पण त्या दहांपैकी एकालाही गादी मिळणे शक्य नव्हते.

आणि तारखा पाहा. 5 नोव्हेंबर 1817 रोजी खडकीची लढाई झाली. त्याच दिवशी इंग्लंडमध्ये राजकन्या शार्लट मेलेल्या मुलाला प्रसवली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे स्वतःही गेली. सात मुलगे हयात असलेल्या तिसऱ्या जॉर्जला आता एकही औरस नातवंड उरले नाही. 17 नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले तेव्हा निशाणवाल्यांच्या घरातच वारसाची बोंब होती! मग म्हाताऱ्या राजपुत्रांनी घाईघाईने लग्ने केली आणि 1819 मध्ये व्हिक्टोरिया जन्मली. फरक एवढाच की तिथे कोणाचा नंबर पुढचा हे कायद्यात लिहिलेले होते, म्हणून कोणाला गारदी बोलवावे लागले नाहीत.

याच लोकांनी पुढे 1848 साली साताऱ्याचे दत्तक अमान्य करून राज्य घशात घातले. दुसरा बाजीराव जानेवारी 1851 मध्ये बिठूरला वारला, तेव्हा त्याचा दत्तक मुलगा नानासाहेब याला आठ लाखांचे पेन्शन नाकारले. गंमत अशी की इंग्लंडच्या गादीला आजही दत्तक मूल चालत नाही.

आता आपल्या घराकडे येऊ. पेशव्यांची गादी वंशपरंपरेने चालली तसे महाराचे वतनही वंशपरंपरेने चालले. बाप येसकर, पोरगा येसकर. गादीसाठी भाऊबंद एकमेकांच्या जीवावर उठत. या वारशातून सुटायला मात्र वाट नव्हती, कारण सरकारी माणसाचा निरोप आला की रात्री-अपरात्री घरातल्या कुणाला तरी जावेच लागे, तेही मूठभर बलुत्यावर आणि तुकडाभर जमिनीवर. बाबासाहेबांनी मार्च 1928 मध्ये मुंबई कौन्सिलात 1874 च्या वतन कायद्यात दुरुस्तीचे बिल आणले ते यासाठीच. ते पुढे मागे घ्यावे लागले. वतने कायद्याने संपली ती 1 फेब्रुवारी 1959 पासून. जमीन आधी सरकारजमा झाली आणि ठरलेली रक्कम भरल्यावर नव्या शर्तीने परत मिळाली, म्हणजे कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नाही.

वाड्यातल्या प्रत्येक भानगडीला आज लेखी उत्तर आहे. हिंदू वारसा कायदा 1956 बौद्धांनाही लागू आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. कलम 20 म्हणते, बाप वारला तेव्हा पोटात असलेले आणि पुढे जिवंत जन्मलेले मूल वारस आहे, मुलगा असो की मुलगी. कलम 25 म्हणते, खून करणाऱ्याला किंवा खुनाला साथ देणाऱ्याला मयताचा वारसा नाही. 1 सप्टेंबर 2023 रोजी सुप्रीम कोर्टाने सांगितले की रद्दबातल लग्नाच्या मुलांनाही आईबापाच्या वाट्यात हिस्सा आहे. याच हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी सप्टेंबर 1951 मध्ये मंत्रिपद सोडले. इंग्लंडच्या गादीवर धाकट्या भावाच्या आधी थोरल्या बहिणीचा नंबर लावायला मात्र 2013 चा कायदा यावा लागला, आणि तो अमलात आला 2015 मध्ये.

आणि आमच्याकडे येणारी प्रकरणे कसली? इनामाची दीड एकर, तिच्यात तीन भाऊ आणि दोन बहिणी. जयंतीच्या मिरवणुकीत पुढे असणारा भाऊ बहिणीला म्हणतो, 'ताई, तुझं लग्न झालं ना, सही करून टाक.' हक्कसोडपत्र तयारच असते. पहिल्या बायकोची पोरे अर्जात लिहिलेलीच नसतात. शनिवारवाड्यात फौजा लागत होत्या, इथे एक बॉलपेन पुरते. फेरफाराची नोंद म्हणजे मालकी नव्हे, हे कोर्टांनी अनेकदा सांगितले आहे, तेव्हा सातबारावर नाव नाही म्हणून हक्क गेला असे कुणी समजू नये. वारस नोंदीच्या अर्जाला मयताचे सगळे मुलगे, सगळ्या मुली, विधवा आणि आई यांची नावे जोडावी लागतात. फेरफाराची नोटीस लागल्यावर हरकतीला पंधरा दिवस मिळतात. हरकत तलाठ्याकडे लेखी द्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी.