ॲम्फोटेरिसिन बीचा शुश्रूषेतील सुरक्षित वापर

ॲम्फोटेरिसिन बी हे शरीरात खोलवर पसरलेल्या बुरशीजन्य संसर्गावर शिरेवाटे दिले जाणारे औषध आहे. त्याची योग्य मात्रा व घातक मात्रा यांत फारसे अंतर नसल्याने रुग्णाची सुरक्षितता मोठ्या प्रमाणात परिचारिकेच्या दक्षतेवर अवलंबून असते.

== विदर्भातील पार्श्वभूमी ==
कोविड-१९च्या दुसऱ्या लाटेत, २०२१ मध्ये, महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे (काळी बुरशी) रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा वापर ही त्यामागची प्रमुख कारणे होती. औषधाचा तीव्र तुटवडा निर्माण झाला. मे २०२१ मध्ये वर्धा येथील जेनेटिक लाइफ सायन्सेस या कंपनीने त्याच्या इमल्शन प्रकाराचे उत्पादन सुरू केले. टंचाईच्या काळात जो प्रकार उपलब्ध होईल तो वापरावा लागतो, आणि नेमका तेथेच गोंधळाचा धोका वाढतो.

== एक नाव, अनेक प्रकार ==
साधे (डीऑक्सिकोलेट), लायपोसोमल आणि लिपिड इमल्शन हे प्रकार परस्परांऐवजी त्याच मात्रेत वापरता येत नाहीत. साध्या प्रकाराची मात्रा दिवसाला प्रति किलो १.५ मिलिग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत. म्युकरमायकोसिसमध्ये लायपोसोमल प्रकार प्रति किलो ५ मिलिग्रॅम किंवा अधिक देतात. ६० किलो वजनाच्या रुग्णासाठी लिहिलेले ३०० मिलिग्रॅम लायपोसोमल औषध, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या सहा कुप्या, चुकून साध्या प्रकारातून दिले गेल्यास मर्यादेच्या तिपटीहून अधिक मात्रा शरीरात जाते व हृदयक्रिया बंद पडू शकते. म्हणून कुपीवरील पूर्ण नाव, रुग्णाचे वजन आणि मात्रेचा हिशेब दुसऱ्या परिचारिकेकडून तपासून घेतात.

== औषध तयार करणे व देणे ==
मराठी बोलण्यात शिरेतून दिल्या जाणाऱ्या कोणत्याही द्रवाला ‘सलाईन’ म्हणतात. या औषधाच्या बाबतीत ही सवय धोक्याची आहे. साधा व लायपोसोमल हे दोन्ही प्रकार सोडियम क्लोराइडच्या द्रावणात मिसळल्यास साका धरतो. कुपीतील भुकटी निर्जंतुक पाण्यात विरघळवून पुढे ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच पातळ करतात. मूत्रपिंडाच्या रक्षणासाठी आधी खरे सलाईन दिले असल्यास तीच नळी डेक्स्ट्रोजने धुऊन मगच औषध सुरू करतात. या नळीतून दुसरे औषध देत नाहीत. लायपोसोमल औषध साधारण दोन तासांत, तर साधे त्याहून सावकाश, बहुधा चार ते सहा तासांत देतात.

औषध सुरू असताना थंडी वाजून ताप येणे, उलटी होणे वा रक्तदाब घसरणे शक्य असते. त्यामुळे सुरुवातीला नाडी, तापमान व रक्तदाब वारंवार नोंदवतात. तीव्र त्रास झाल्यास औषध थांबवून डॉक्टरांना कळवतात.

== तपासण्या व घरी परतल्यानंतर ==
क्रिएटिनिन, पोटॅशियम व मॅग्नेशियम यांची तपासणी नियमित होते. लघवीचे प्रमाण रोज मोजतात. पोटॅशियम घटल्यास स्नायूंचा अशक्तपणा व धडधड जाणवते. संत्र्यांच्या वरूड तालुक्यात परतलेल्या रुग्णाला घरचे लोक संत्र्याचा रस आग्रहाने देतील, परंतु औषधाने झालेली पोटॅशियमची तूट रसाने भरून निघत नाही, आणि मधुमेहींची साखर मात्र वाढते. पूरक पोटॅशियम डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे लागते.

रुग्णालयातील उपचारानंतर पुष्कळदा पोसाकोनाझोलच्या गोळ्या दिल्या जातात. त्या जेवणासोबत, न चावता व न फोडता अख्ख्या गिळायच्या असतात. रुग्ण घेत असलेल्या इतर औषधांची यादी गावच्या आरोग्य सेविकेनेही पाहणे आवश्यक असते. कोलेस्टेरॉलवरील सिम्वास्टॅटिनसारखी औषधे या गोळ्यांसोबत वर्ज्य आहेत.